भाचीच्या टपरीसाठी: ऑनलाइन पैसे घेताना

माझी साताऱ्यात वडापावची गाडी आहे. परवा भाचीनं चहाची टपरी टाकली आणि म्हणाली, मावशी, ते क्यूआरचं नीट समजावून सांग. तिला सांगितलं ते असं.

गिऱ्हाइकाचा मोबाईल बघायचाच नाही. हिरवी खूण, तुझं नाव, रक्कम, वर टिंग असा आवाज, हे सगळं खोट्या ॲपमध्येही येतं. एका पोरानं मला असाच स्क्रीन दाखवून सहा वडापाव नेले. भरगर्दीत मीही मान डोलावली. रात्री हिशेब जुळेना तेव्हा कळलं.

आता पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स बोलला तरच मी पुडी हातात देते. रेंज गेली की तो मुका होतो. मग आपलं ॲप उघडायचं आणि शेवटच्या नोंदीतली रक्कम आणि वेळ बघायची. गिऱ्हाईक अडून बसलं तर त्याच्याकडून बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, घ्यायचा आणि आपल्या नोंदीशी जुळवायचा. बँकेच्या मेसेजवर भिस्त नको. तसा मेसेज कुणीही टाईप करून पाठवू शकतं.

कधी गिऱ्हाइकाचे पैसे खरंच कापले जातात, पण आपल्याकडे येत नाहीत. तेव्हा भांडू नकोस, तो बिचारा खोटा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानाचे असे अडकलेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं त्याला दिवसाला 100 रुपये द्यायचे असतात. एवढं सांगितलं की माणूस शांत होतो. चहाचे दहा रुपये तेवढ्यापुरते वहीत मांड.

सकाळी टपरी उघडलीस की आपल्याच मोबाईलनं आपला क्यूआर स्कॅन कर. नाव आपलंच आलं पाहिजे, कारण रात्रीतून वर दुसरा स्टिकर चिकटवून जातात. मी माझा काचेच्या आतून लावलाय.

आणि पिन! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "चुकून जास्त गेले, परत पाठवा" असा फोन आला तर आधी आपलं खातं बघ, मग बोल.

एवढं करूनही फसलीसच तर लाजत बसू नकोस, लगेच 1930 ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव आणि बँकेलाही कळव. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. तो नंबर मी तेलाच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलाय.