बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिडाच्या होडीत कसे बसावे

महाविद्यालयात असताना एनसीसीच्या नौदल विभागात किंवा एखाद्या शिबिरात शिडाची होडी चालवलेली, पुढे नोकरी, घराचे हप्ते आणि हार्बर लोकल यांत ती सुटून गेलेली, अशी माणसे ठाण्यात आणि नवी मुंबईत वाटतात त्याहून पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच एक. मध्ये बावीस वर्षे गेली. परतायचे ठरवल्यावर मी प्रथम जे केले ते कोणी करू नये: एका प्रशिक्षणवर्गाचे पैसे एकरकमी भरले, महागडे बूट घेतले आणि अनोळखी मुलांच्या रांगेत दोनदा उभा राहून तिसऱ्या रविवारी घरीच बसलो. होडी चालवण्याचे तंत्र वर्गात मिळते, पण पहाटे पाचला उठून जावेसे वाटण्यासाठी तिकडे कोणीतरी आपली वाट पाहत असावे लागते. म्हणून नाव नोंदवण्याआधी माणसे शोधावीत, आणि ती शोधण्यासाठी पाण्याच्या काठावर योग्य वेळी रिकाम्या हाताने जावे.

योग्य वेळ म्हणजे भरतीची. वाशी, सारसोळे किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या काठावर ओहोटीला गेल्यास नुसता चिखल आणि त्यात कललेल्या होड्या दिसतात. माणसांची ये-जा सुरू होते ती पाणी चढू लागल्यावर. कोळी वस्तीत सर्वांना ठाऊक असलेला हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि तसेच पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि तितकेच जास्त उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा प्रवाह सौम्य असतो. हा हिशेब ढोबळ आहे, शिवाय खाडीत आतपर्यंत पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्ष होडीत बसण्याच्या दिवशी छापील भरतीपत्रक पाहावेच. तरीही आधी हिशेब तोंडाने करण्याची सवय लावावी, कारण काठावरच्या माणसाशी बोलणे सुरू करण्यासाठी ‘आज पाणी किती वाजता भरणार?’ याहून सोपा प्रश्न मला सापडलेला नाही.

काठावर बसल्यावर निरीक्षकासारखे वागू नये. फोटो काढण्याआधी विचारावे, वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नये, आणि होडी वर ओढताना एक हात कमी पडत असेल तर लावावा. मी पिशवीत दीड मीटर दोरीचा तुकडा ठेवत असे आणि विसरलेल्या गाठी घालून पाहत असे. बोलाइनची गाठ, जिचा फास ताण आला तरी आवळत नाही, ती मी घातली आहे अशी माझी समजूत होती. शेजारी जाळे विणत बसलेल्या काकांनी सुई न थांबवता एकदा पाहिले आणि म्हणाले, “पान्यान गेली का सुटंल ही गाठ.” मग दोरी हातात घेऊन त्यांनी शेवटाचे टोक फासाच्या आत वळवले, मी ते बाहेर ठेवत होतो. फरक एवढाच, पण त्या दिवसापासून काकांची आणि माझी ओळख झाली, आणि कोणत्या महिन्यात खाडीच्या तोंडाशी वारा कसा फिरतो हे मला त्यांच्याकडून कळत गेले. ठाण्यात राहणाऱ्यांना चेंदणी कोळीवाड्यात असे काका भेटू शकतील.

मात्र खाडीतच शिडाची होडी शोधत बसण्यात अर्थ नाही. ऐरोली ते वाशी हा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला आहे, आणि तिथे हौसेने होडी घालणे योग्य नव्हे. शिडांच्या क्लबांची जुनी वस्ती मुंबई बंदरात, गेटवे आणि कुलाब्याच्या बाजूला आहे, म्हणजे रविवारी हार्बर लोकलने शेवटपर्यंत जाणे आले. हा प्रवास वाया जातो असे समजू नये. परतीच्या गाडीत समोरच्या खिडकीच्या गजांवर बोटांची टोके कापलेले ओले हातमोजे वाळत घातलेले मला एकदा दिसले. असे ओले हातमोजे बहुधा शिडाची दोरी धरणाऱ्यांचे असतात. मी त्या बाईंना विचारले, “ताई, आज वारा कसा होता?” त्या नेरुळला राहणाऱ्या, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, त्यांचा होडीतला जोडीदार पुण्याला बदलून गेल्यामुळे त्यांची होडी तीन आठवडे उभी होती. सानपाडा येईपर्यंत पुढच्या रविवारचे ठरले.

यातून घेण्यासारखी गोष्ट ही की स्वतःची होडी असण्याची गरज नसते. एंटरप्राइझसारख्या सुमारे 4 मीटर लांबीच्या निळ्या शिडांच्या होडीला दोघे लागतात, एक सुकाणूवर आणि दुसरा पुढच्या शिडावर, आणि दुसऱ्याची चणचण कायमची असते. 1982 च्या आशियाई खेळांत मुंबईच्याच पाण्यात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी दोघांनी चालवायच्या फायरबॉल जातीच्या होडीत सुवर्णपदक मिळवले होते. जुने सभासद चहा घेताना त्या दिवसांवर येतातच, आणि नवख्याने तेव्हा घाईने उठू नये. विचारताना आपले वजन, पोहता येते की नाही आणि किती वर्षांचा खंड पडला आहे हे तीनही खरे सांगावे. वजन सांगायला लाजण्याचे कारण नाही, कारण जोरदार वाऱ्यात होडीबाहेर झुकून तोल धरायला जड माणूस उपयोगी पडतो.

पहिल्या दिवशी सुकाणू मागू नये. हात जुने विसरलेले नसतात, पण डोके मध्ये येते: होडी वाऱ्याच्या सरळ तोंडावर जात नाही, त्याच्याशी साधारण 45 अंश ठेवून नागमोडी चढावे लागते, हे ठाऊक असूनही वळणाच्या क्षणी मी चुकीच्या बाजूला बसून राहिलो आणि आम्ही उलटलो. उलटल्यावर होडी सोडून पोहत जाऊ नये. प्रथम दोघांचीही डोकी वर आहेत ना हे हाक मारून पाहावे, शिडांच्या दोऱ्या मोकळ्या कराव्यात, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळवावी, मग एकाने तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहून होडीचा काठ धरून मागे झुकावे, म्हणजे डोलकाठी हळूहळू वर येते. ताई पाण्यातून फक्त एवढेच म्हणाल्या, “चष्मा बांधला होतात ना?” बांधला नव्हता. तेव्हापासून चष्म्याला दोरी, अंगात मापाचे लाइफजॅकेट आणि पायात जुने कॅनव्हासचे बूट एवढ्यावर माझे भागते.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, म्हणून खंडानंतर पहिल्या दोन-तीन वेळा सकाळीच जावे. दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे भरतात आणि शहराच्या इमारतींवरून येताना किनाऱ्याजवळ झटक्यांनी आदळतात.

पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात आणि बहुतेकांची ओळख याच चार महिन्यांत विरते. तेव्हा दुरुस्तीच्या दिवशी हजर राहावे: तळाला पॉलिश पेपर मारणे, गंजलेले शॅकल, म्हणजे दोऱ्या-शिडे जोडणाऱ्या धातूच्या कड्या, बदलणे, शिडे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवणे. नारळी पौर्णिमेला काकांच्या घरी नारळीभाताला जावे. गेल्या वर्षी मी ताईंना सोबत नेले. काकांनी जेवणाआधी त्यांना तीच गाठ घालायला लावली, आणि त्यांची पहिल्या खेपेस बरोबर आली.