सीएसआरमध्ये नवीन असाल, तर मार्चमधले कागद जपून

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात शिरणाऱ्यांना कंपनी कायद्याचं कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करायचे, तो कोणत्या कामांवर चालतो याची यादी असलेली अनुसूची सात हे सगळं पाठ असतं. मुलाखतीपुरतं तेवढं पुरतं. पहिल्या मार्चमध्ये जे समोर येतं त्याबद्दल मात्र कॉलेजात कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्याकडे मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या स्वच्छतागृहांचं काम होतं. बांधकाम एका संस्थेमार्फत चाललेलं. मार्चअखेरीला एका शाळेत गेले, तर दारांना निळाशार रंग, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचं चित्र, कंपनीची पाटीसुद्धा बसलेली. गच्चीवर टाकी होती, पण टाकीपासून खाली पाइपच नव्हता. नळ नुसताच फिरायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पोरी अजून घरीच जातात."

मी फोटो काढले आणि साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, एप्रिलमध्ये होईलच की. खर्च ३१ तारखेच्या आत दाखवायला हवा." काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी सही केली नाही. विषय तिथेच मिटला असं वाटलं. जुलैमध्ये ऑडिटरची शंका आली तेव्हा कळलं की अहवालात काम 'पूर्ण' होतं, पुरावा म्हणून निळ्या दारांचे माझेच फोटो जोडले होते आणि 'पाहणी कोणी केली' या रकान्यात माझं नाव होतं. फोनवर मी काय सांगितलं होतं, त्याचा कुठेच कागद नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण माझ्या ओळखीचे बरेच जण इथेच अडकले आहेत. सही नाकारली म्हणजे तुम्ही सुटलात असं होत नाही. तुमची व्हिजिट, तुमचा फोटो, व्हॉट्सॲपवर टाकलेलं 'साइट पाहिली' हे दोन शब्द, सगळं पुढे पुरावा म्हणून वापरलं जातं. म्हणून व्हिजिटवरून आल्यावर त्याच दिवशी ईमेल करा. काय झालं आहे त्याच्या आधी काय राहिलं आहे ते लिहा: 'टाकी ते नळ पाइप नाही, स्वच्छतागृह वापरात नाही.' फोटो रंगवलेल्या दाराचा काढलात, तर कोरड्या नळाचाही काढा आणि दोन्ही एकाच मेलमध्ये पाठवा. साहेबांशी फोनवर बोलणं झालं असेल, तर 'आपलं आता बोलणं झालं त्याप्रमाणे' असं म्हणून तेही लिहून टाका. कुणावर आरोप करायचा नाही, भाषा सौम्य ठेवायची, पण तारीख असलीच पाहिजे. तोंडी सांगितलेलं ऑडिटमध्ये कुणालाच आठवत नाही.

चीड याची येते की खोटं दाखवण्याची गरजच नसते. २०२१ पासून नियम सरळ आहे. प्रकल्प 'चालू प्रकल्प' (एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर असेल, तर न खर्च झालेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या वेगळ्या 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. एका वर्षाचं म्हणून सुरू झालेलं कामही योग्य कारण देऊन संचालक मंडळ पुढे वाढवू शकतं. तसं केलं नाही, तर उरलेले पैसे सहा महिन्यांत अनुसूची सातमध्ये नमूद केलेल्या निधीत जातात, आणि 'पैसे हातचे जातील' ही भीती खरी ठरते. म्हणून काम रेंगाळतंय हे जानेवारीतच वर कळवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बोर्डाची बैठक कुणी तुमच्यासाठी बोलवत नाही.

सीएसआरचे महागडे सर्टिफिकेट कोर्स करू नका, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालातलं सीएसआरचं परिशिष्ट ओळ न् ओळ वाचा. आणि गुरू शोधायचा तर अकाउंट्समध्ये शोधा. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असं प्रमाणपत्र सीएफओंना (मुख्य वित्त अधिकाऱ्यांना) द्यावं लागतं, त्यामुळे अर्धवट कामाची खरी धास्ती त्यांच्याच विभागाला असते. मला 'चालू प्रकल्पा'चा मार्ग अकाउंट्समधल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी चहा पिता पिता सांगितला. "जरा प्रॅक्टिकल व्हा" म्हणणाऱ्या वरिष्ठांपासून मात्र चार हात लांब राहा, मग ते कितीही गोड बोलोत.

त्रास होतो, हेही सांगते. त्या वर्षी माझं अप्रेझल पडलं, मीटिंगांना बोलावणं कमी झालं. रात्री झोप लागायची नाही. पण नोकरी गेली नाही. खात्रीने कागद ठेवणारी मुलगी म्हणून पुढच्या कंपनीत मला काम मिळालं. त्या शाळेत पाइप पावसाळ्यात बसला. घाबरू नका, बहुतेक वेळा एक साधा ईमेलच पुरेसा असतो. समोरच्यालाही तो वाचला की आपलं नाव कागदावर आहे हे दिसतं.

मुलाखतीला जाल तेव्हा शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हणतात. तिथे पगाराच्या आधी हे विचारा: "मार्चपर्यंत काम अपुरं राहिलं तर तुमच्याकडे काय करतात?" 'अनस्पेंट खात्यात टाकतो' असं चटकन उत्तर आलं, तर बिनधास्त जॉइन व्हा. "आमच्याकडे तसं होतच नाही" म्हणाले, तर दुसरी मुलाखतही देऊन ठेवा.