देश बदलताय? मांजराच्या चिपचा फोन नंबर आधी बदला

कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली होती, लसी झाल्या होत्या, बोक्याच्या कागदपत्रांची फाइल माझ्या फाइलपेक्षा जाड होती. तरी नव्या देशात दुसऱ्याच आठवड्यात सामान चढवणाऱ्यांच्या पायांतून तो निसटला आणि नऊ दिवस घरी आला नाही. खरं म्हणजे दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या क्लिनिकमध्ये नेऊन दिलं होतं. त्यांनी चिप वाचली, फोनही लावला. तो लागला माझ्या जुन्या नंबरला. देश सोडताना मीच काउंटरवर उभी राहून ते सिम बंद करून घेतलं होतं.

म्हणून ही यादी. खाणं, भांडी, लाडकं पांघरूण वगैरे तुम्ही घ्यालच, त्यावर वेळ घालवत नाही.

कागदांना किमान सहा-सात महिने आधी लागा. मी उगाच घाबरवत नाहीये. जपानला जायचं तर बहुतेक देशांतून निघताना रेबीजच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी लागते आणि रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावं लागतं. शिवाय पोचण्याच्या ४० दिवस आधी तिथे कळवावं लागतं. युरोपियन युनियनमध्ये पहिल्या रेबीज लसीनंतर २१ दिवस थांबायचं असतं. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशातून येत असाल तर लसीनंतर ३० दिवसांनी रक्त आणि मग आणखी तीन महिने. क्रम चुकवू नका: आधी चिप, मग लस. चिप नसताना टोचलेली लस कागदावर कोणत्या जनावराची, हे सिद्धच होत नाही, म्हणून ती धरत नाहीत आणि सगळं पहिल्यापासून. बूस्टरही तारखेच्या आत घ्या. एक दिवस उशीर झाला तरी ती पुन्हा पहिली लस ठरते.

चिप १५ आकडी, आयएसओ मानकाची आहे ना, ते बघा. आणि आता नीट ऐका. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, बॅटरी नसते, जीपीएस तर नसतंच. मानेवरून स्कॅनर फिरवला की फक्त एक आकडा दिसतो. तो आकडा कुणाचा, हे कुठल्या तरी नोंदणी यादीत लिहिलेलं असतं, आणि ती यादी बहुधा तुम्ही सोडून आलेल्या देशातली असते. तिथे नवा नंबर घाला. मग नव्या देशातल्या यादीतही त्याच चिपची नोंद करा. दोन्हीकडे. लस टोचणारा डॉक्टर हे आपोआप करत नाही, विमानतळावर चिप वाचणारा अधिकारीही करत नाही. मला वाटलं होतं, विमानतळावर वाचली म्हणजे नोंद झाली. नोंदबिंद काही होत नाही.

विमानाचं थोडक्यात. पिंजऱ्यात उभं राहता, वळता, पसरता आलं पाहिजे. तो महिनाभर आधी घरात उघडा ठेवा, त्यात झोपायची सवय होऊ दे. गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग, बुलडॉग, पर्शियन अशा बसक्या नाकाच्यांना बऱ्याच विमान कंपन्या मालाच्या कप्प्यात घेतच नाहीत. तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, शोधा. आजारी पडल्यावर बघू म्हणू नका, कारण कित्येक क्लिनिक नवे पेशंट घेत नाहीत. नाव घालायला गेलात की दोनच प्रश्न विचारा: रात्री कोण बघतं, आणि ते कुठे आहे? मग त्या रात्रीच्या ठिकाणी एकदा दिवसाउजेडी जाऊन या. जुन्या फाइलमध्ये औषधांची ब्रँडची नावं असतील तर मूळ औषधाचं नाव आणि मिलीग्रॅम लिहून घ्या. ब्रँड देशागणिक बदलतो. फिटसाठीचं फेनोबार्बिटल बहुतेक देशांत नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय नेऊ नका. आणि डॉक्टर सापडेपर्यंत घरातलं पॅरासिटामॉल मांजराला मुळीच नको. एक गोळीही जीव घेऊ शकते.

मी पहिल्या आठवड्यात व्हेट शोधून ठेवला असता, तर बोका निसटल्यावर आधी तिथेच गेले असते आणि दारावरचा कागद लगेच दिसला असता. नवव्या दिवशी दिसला: फाटका डावा कान, खाली ‘मालकाशी संपर्क होत नाही’. काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर स्कॅनर फिरवला, तो ‘पीक’ असा वाजला, त्यांनी आकडा यादीत शोधून कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव, अगदी बरोबर स्पेलिंगसकट. खाली मेलेला नंबर. बोका मागे पिंजऱ्यात बसून माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

नंबर बदललात का? मग पुढे.

विमा लगेच घ्या, आधीपासूनचं दुखणं बहुधा धरत नाहीत. घरमालकाची परवानगी लेखी. कुत्रा असेल तर पालिकेत नोंद. जर्मनीत त्यावर करही आहे. नव्या जागेचे किडे नवे असतात: भूमध्य समुद्राकाठच्या देशांत वाळूमाशीच्या चाव्यातून कुत्र्यांना लेशमॅनियासिस होतो, तेव्हा गोचीड-पिसवांचं जुनं औषध पुरेल असं धरून चालू नका. मांजर असेल तर घरात लिली आणू नका, मूत्रपिंडं जातात. दोन-तीन आठवडे दारंखिडक्या बंद. पट्ट्यावरही नंबर, नवा.

परत निघाल तेव्हा हेच सगळं पुन्हा, नव्या तारखांनी. युरोपियन युनियनमधून धोक्याच्या देशात जाऊन परत यायचं असेल तर रक्ततपासणी निघण्याआधीच करून ठेवा, तीन महिने वाचतात. आणि सिम बंद करायला काउंटरवर उभे राहाल तेव्हा आधी फोन उघडून चिपच्या यादीत दुसरा नंबर घाला. रांग थांबली तर थांबू दे.