अमेरिकानाची मैफल: उभं कुठे राहायचं, ऐकायचं काय

अमेरिकाना म्हणजे अमेरिकेतली कंट्री, लोकगीतं, ब्लूज, ब्लूग्रास (बॅन्जो-फिडलवरचं वेगवान लोकसंगीत), गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) यांच्या मुळांवर वाढलेली गाणी. त्यात शब्द पुढे आणि वाद्यं मागे. त्यामुळे स्टेजला चिकटून उड्या मारण्यापेक्षा शब्द नीट कानावर पडणं महत्त्वाचं. तिकिटापासून सगळा बेत त्याच हिशोबाने आखा.

ल्युसिंडा विल्यम्स, जेसन इजबेल, गिलियन वेल्च अशा अमेरिकानातल्या मोठ्या गायकांचे दौरे मुंबईला क्वचितच लागतात. मोठ्या नावांची वाट पाहत बसू नका. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरत आला आहे, त्यावर दरवर्षी लक्ष ठेवा. ब्लूजचे दिग्गज गिटारवादक बडी गाय तिथे एकदा नाही, अनेकदा वाजवून गेलेत. नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र आणि खार-लोअर परळचे छोटे क्लब यांचे कार्यक्रमही चाळत राहा. गिटार घेऊन एकट्याने गाणारे कलाकार छोट्या जागेतच खुलतात.

आठवडाभर आधी त्या कलाकाराच्या अलीकडच्या मैफलींच्या गाण्यांची यादी इंटरनेटवर शोधा, त्यातली सहा-सात गाणी शब्द समोर ठेवून ऐका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उच्चारात शब्दांची टोकं गिळली जातात. आयत्या वेळी अर्धं कडवं हातचं निसटतं. मग तेच गाणं वाद्यांसाठी पुन्हा ऐका. बॅन्जोला गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोसारख्या चाव्या नसतात, त्याच्या तारा बोटांनी छेडतात. पेडल स्टील गिटार टेबलासारखी समोर मांडलेली असते, बहुधा दहा तारांची. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवर सरकते आणि पायाखालची पेडल्स व गुडघ्याजवळचे लीव्हर वाजवता वाजवता तारांचा स्वर चढवतात-उतरवतात. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला हे लगेच भावतं. वादक बसलेला असतो, म्हणून त्याच्या बाजूला जागा धरा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्यांआड पाय आणि गुडघ्यांची सगळी गंमत हुकते.

हॉल उभ्याचा असेल तर साउंड इंजिनियरच्या टेबलाच्या थोडं पुढे, मध्यावर उभे राहा. तो तिथे जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो. अगदी पुढच्या रांगेत ड्रम्स आणि स्टेजवरचे अ‍ॅम्प्लिफायर थेट अंगावर येतात, गायकाचा आवाज मात्र डोक्यावरून मागे जातो. भिंतीलगत आणि कोपऱ्यात बास साचतो, शब्द बुडतात. पन्नास-साठ जणांच्या क्लबात मात्र उलट: पुढेच बसा. तिथला खरा शत्रू बारजवळची बडबड आणि तिथल्या कॉकटेलच्या मिक्सरचा घरघराट. बोटांनी हळुवार छेडलेली गिटार त्याखाली सहज मरते.

दोन गाण्यांमध्ये कलाकार तारा लावत बसला तर टाळ्या वाजवून घाई करू नका. एसी आणि बाहेरची दमट हवा यांच्यामध्ये लाकडी वाद्याचा सूर सरकतोच, शिवाय पुष्कळ गाण्यांना तारा वेगळ्या लावाव्या लागतात.

बंद हॉलमध्ये आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. अमेरिकेतल्या नियॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार एवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटं ही मर्यादा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. फोमचे बोळे स्वस्त, पण ते उंच स्वर जास्त दाबतात, म्हणून शब्द गढूळ होतात. संगीतासाठीचे, साधारण १५ ते २० डेसिबल कमी करणारे इअरप्लग घ्या आणि पहिल्या गाण्याआधीच घाला. कान वाजायला लागल्यावर घालून उपयोग नाही.

तिकिटाचा क्यूआर कोड घरूनच उघडून ठेवा, गर्दीत नेटवर्क दगा देतं. छत्री आणि पॉवर बँक अनेक ठिकाणी गेटवर अडवतात. नियम आधी वाचा.

मैदानावरचा कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपतो असं धरून चाला. त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला एरवी परवानगी नसते. म्हणून मुख्य कलाकार लवकर स्टेजवर येतो आणि उशिरा पोहोचणाऱ्याचं नुकसान होतं. बंद हॉलमधला कार्यक्रम लांबू शकतो. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल साधारण एकची. मेन आणि हार्बरवाल्यांनी आपापली वेळ निघण्याआधीच पाहून ठेवावी. टी-शर्ट, रेकॉर्ड घ्यायचे असतील तर मध्यंतरातच घ्या. शेवटी रांग लागते आणि आपला साइज संपलेला असतो.