वंशावळ किती मागे नेता येते? नागपूरकरांसाठी शोधाची वाट

वंशावळ काढायला बसलं की देवगिरीच्या यादवांपासून किंवा चितोडपासून सुरुवात करून खाली आपल्यापर्यंत यायचा मोह होतो. वाट नेमकी उलटी आहे. आपल्यापासून आजोबांकडे, तिथून पणजोबांकडे, आणि दर पिढीला निदान एक कागद.

१. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मूळ गाव, कुलदैवत, देवक, आज्यांची माहेरं, लग्नात कोणकोणत्या गावचे पाहुणे यायचे. कुलदैवत जेजुरीचं असेल तर घराणं अठराव्या शतकात नागपूरच्या भोसले राजांच्या मागोमाग इकडे आलं असेल, असा अंदाज बांधता येतो. पुरावा म्हणून मात्र तो धरू नका.

२. मग कोतवाल बुक, म्हणजे कोतवालामार्फत ठेवलेली गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही. विदर्भातल्या सामान्य कुटुंबासाठी यापेक्षा मोलाचा कागद नाही, कारण जमीन नसलेल्यांचीही नोंद त्यात व्हायची. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव आणि साल सांगून नकलेसाठी अर्ज करा. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून जन्मसाल ठाऊक असलं तरी मागची-पुढची दोन-तीन वर्षं चाळा आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी ताडून बघा. नाव तिथे सापडतं.

३. जमीन असेल तर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (कोणती जमीन कुणाच्या हक्काची, याची नोंद) आणि त्याआधीच्या बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवतानाच्या, मिसली (फायली) मागा. मालगुजारीच्या काळातल्या या मिसली १८६० च्या दशकापर्यंत मागे जातात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, त्यामुळे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत निघाला तर गोंधळू नका. मूळ गाव सौसर-पांढुर्ण्याकडचं असेल तर चौकशी तिकडच्या तहसिलीत करावी लागेल.

४. त्याच्याही मागे मोडी. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी भोसल्यांचं राज्य खालसा झालं. त्याआधीचा मराठी व्यवहार बहुतेक मोडीतला. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, ते जरूर करा. दुसऱ्याच्या वाचनावर विसंबलं की नावं चुकतात. सालं अरबी शब्दांत येतात. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतं, आणि हे साल उन्हाळ्याच्या अखेरीस बदलत असल्यानं जानेवारीपासून तोवरच्या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. शक असेल तर ७८ मिळवा, वर्षअखेरीच्या महिन्यांना ७९.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघा. यात्रेला गेलेल्या पूर्वजानं बाप, आजा, भाऊ यांची नावं तिथे लिहवलेली असतात. उपाध्यायांना आधी मूळ गाव सांगा, आडनाव नंतर. इथे एका पानात तीन-चार पिढ्या मिळू शकतात.

५. मध्ययुग. इथे मन घट्ट करावं लागतं. देशमुखी, पाटीलकी, इनाम किंवा देवस्थानची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आली असेल, तर सनदा आणि वतनाच्या तंट्यांचे महजर (निवाड्याचे कागद) सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत नेऊ शकतात. बाकी बहुतेकांचा कागद त्याच्या बराच आधी संपतो. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात रामचंद्र यादवाच्या काळातला शिलालेख आहे, पण आडनाव जाधव आहे म्हणून त्या राजाशी नातं लागत नाही. मधल्या प्रत्येक बापलेकाचा पुरावा हवा. पैसे घेऊन थेट सूर्यवंशापर्यंत वंशावळ लिहून देणाऱ्यांना हाच प्रश्न विचारा.

शिवाय हिशेब करा: तेराशे सालापर्यंत साधारण पंचवीस पिढ्या होतात. दर पिढीला पूर्वज दुप्पट धरले तर पंचविसाव्या पिढीत ३ कोटी ३५ लाखांवर जागा भरतात. तेच तेच पूर्वज अनेक वाटांनी येतात, म्हणूनच हा आकडा जमतो. एका पुरुषाच्या नावामागे धावताना आपण केवढं सोडून देतो, हे यातून कळतं.

म्हणून तक्ता मांडताना आज्या-पणज्यांची माहेरची नावं लिहाच. जुन्या वंशावळींनी त्यांना वगळून फार मोठा अन्याय केलाय. कागदानं सिद्ध झालेलं नातं सरळ रेघेनं जोडा, ऐकीव तुटक रेघेनं, आणि प्रत्येक नावाखाली कागद कुठला व कोणत्या कचेरीतला ते टिपून ठेवा.