नेट गेलं की आधी पाहा, मग राउटरला हात लावा

नागपुरात छोट्या ऑफिसांचं, दुकानांचं नेटवर्क सांभाळायचं म्हणजे दिवसातून चारदा हाच फोन, "भाऊ, नेट गेलं, राउटर बंद-चालू करून पाहिला तरी येऊन नाही राहिलं." आणि इथेच अर्धं काम बिघडलेलं असतं, कारण साध्या राउटरमधला लॉग (कधी काय झालं त्याची नोंद) बंद केल्याबरोबर पुसला जातो, कोणाला कोणता आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता ते पण जातं, अन् मूळ दोष तसाच राहून दोन तासांनी परत वर येतो. म्हणून नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो की आधी पाच मिनिटं फक्त पाहा, आणि खालून वर जा, म्हणजे आधी वायर, मग आयपी, मग गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, बहुतेक आपला राउटरच, मग बाहेरचा रस्ता, शेवटी डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारी सोय.

वायरचं सांगतो, कारण लोक ही पायरी सरळ सोडून देतात. लाइट लुकलुकतोय म्हणजे वायर चांगली असं नसतं. विंडोजमध्ये अ‍ॅडॉप्टरचं स्टेटस उघडा, लिनक्स असेल तर ईथटूल (ethtool) ही कमांड चालवा आणि लिंक स्पीड, म्हणजे त्या वायरवर ठरलेला वेग, पाहा. स्विच (सगळ्या वायरी जोडायचा डबा) गिगाबिटचा म्हणजे १००० एमबीपीएसचा, कॉम्प्युटर गिगाबिटचा आणि स्पीड दाखवतोय १०० एमबीपीएस, तर बहुतेक वेळा वायरमधली एखादी जोडी तुटलेली किंवा सुटलेली असते, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात, म्हणून नेट "चालू" तर दिसतं पण रांगत चालतं. हिंगण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात सर्वरवरून ड्रॉइंग उघडायला फार वेळ लागून राहिला होता, सगळे सर्वरलाच दोष देत होते, नवीन घ्यायची बोलणी सुरू झाली होती. आयपर्फ हा वेग मोजायचा प्रोग्राम लावून दोन टोकांमध्ये मोजलं तर ९४ एमबीपीएस येत होते, गिगाबिटवर ९४० च्या आसपास यायला पाहिजेत. वायर धरून धरून गेलो तर खिडकीतल्या कूलरच्या खाली जॉइंट, त्यावर पाणी ठिबकून ठिबकून पिना हिरव्या पडलेल्या. नवीन जॅक लावला आणि विषय संपला. कूलर बसवताना खालून कोणती वायर जाते हे कोणी पाहतच नाही, तेव्हा मार्च लागला की आपणच एक चक्कर मारावी. आणि तांब्याची वायर दोन टोकांमध्ये १०० मीटरच्या वर ओढू नका, तेवढं लांब असेल तर मध्ये स्विच टाका नाहीतर फायबर घ्या.

आता आयपी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) मारा आणि तीन गोष्टी वाचा, आपला पत्ता, गेटवे, आणि पत्ता दिला कोणत्या डीएचसीपी सर्वरनं, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्यानं, बहुतेक ठिकाणी तो राउटरच असतो. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. पण खरा त्रास देतो तो दुसरा प्रकार, पत्ता मिळालाय पण भलत्याच कोणाकडून. इतवारीतल्या एका होलसेल दुकानात रोज दुपारनंतर एकेक बिलिंग मशीन नेटवर्कच्या बाहेर फेकली जायची, सकाळी सगळं ठणठणीत. डीएचसीपी सर्वरचा नंबर पाहिला तर आपल्या राउटरचा नव्हताच. मग एआरपी मायनस ए (arp -a) मारून त्या नंबरच्या मशीनचा, बनवणाऱ्या कंपनीनंच टाकलेला मॅक अ‍ॅड्रेस काढला, त्याच्या पहिल्या सहा आकड्या-अक्षरांवरून कंपनी कळते, तर निघाला घरगुती वायफायचा डबा. गोदामातल्या पोरांनी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून आणला होता आणि दुपारी गोदाम उघडलं की चालू करायचे, वायर लावली होती डब्याच्या लॅन पोर्टला, त्यामुळे तो पण सगळ्यांना पत्ते वाटत बसला. मॅनेज्ड स्विच (आत जाऊन सेटिंग करता येणारा) असेल तर मॅक टेबलवरून पोर्ट लगेच सापडतो, डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या पोर्टवरून पत्ते वाटू न देणारी सेटिंग) चालू करून हा प्रकार कायमचा बंदही करता येतो. साधा स्विच असेल तर त्या नंबरला पिंग मायनस टी (ping -t, समोरचा उत्तर देतो का हे सतत विचारत राहणं) लावून ठेवायचं आणि एकेक वायर काढत जायची, ज्या वायरीला पिंग थांबलं ती आपली. डबा फेकायची गरज नाही, त्यातलं डीएचसीपी बंद करा, पोरांना वायफाय पण राहतं.

पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिला, पाणबुडी शोधायच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं, आणि आजही पहिला हात त्यालाच जातो. आधी गेटवेला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलचा डीएनएस सर्वर. गेटवे देतोय आणि बाहेरचं नाही तर एमटीआर लावा, विंडोजवर विनएमटीआर, तो वाटेतला प्रत्येक टप्पा उत्तर देतो का ते दाखवतो. इथे मात्र खूप जण चुकतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस (हरवलेली पॅकेटं) दिसला की लगेच नेटच्या कंपनीला फोन करून भांडतात. अहो, मधले राउटर अशा विचारणीला उत्तर देणं मुद्दाम मागे ठेवतात, त्यांचं काम पॅकेट पुढे ढकलायचं आहे. लॉस एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत तसाच राहिला तरच तो खरा. दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, चांगल्या वेळेचा एक आणि वाईट वेळेचा एक असे दोन स्क्रीनशॉट घ्या आणि तेच पाठवा, मग समोरचा माणूस पण नीट बोलतो.

८.८.८.८ पिंग होतंय पण साइट नावानं उघडत नाही, तर डीएनएस. एनएसलुकअप (nslookup) या कमांडनं तेच नाव आधी आपल्या डीएनएस सर्वरला विचारून, मग १.१.१.१ या बाहेरच्या सर्वरला विचारून पाहा, फरक दिसेल.

आणि वेळ लिहून ठेवा, किती वाजता गेलं, किती वाजता आलं. वेळेवरून फार कळतं. मे महिन्यात रोज ३ च्या सुमारास जातंय आणि ७ नंतर आपोआप येतंय, तर आधी स्विच ठेवलेली ती जिन्याखालची बंद पेटी उघडून पाहा. बाहेर ४५ असताना त्या पेटीत काय होत असेल. यूपीएसच्या बॅटरीचं पण तेच, लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीला धरून सांगतात आणि वर साधारण दर ८-१० डिग्रीला ते निम्मं होतं, म्हणून कागदावरची पाच वर्षं इथे दोन-अडीचवर येतात. एप्रिलच्या आधी एका संध्याकाळी सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगा, मेन बंद करा, घड्याळ लावून यूपीएस किती मिनिटं ओढतो ते मोजा आणि तारखेसकट मार्करनं बॅटरीवरच लिहा. पुढच्या वर्षी जो कोणी ती पेटी उघडेल त्याला तिथेच कळेल.