खुब्याचं प्लास्टर निघाल्यावर या चुका टाळा

माझी मुलगी पायाळू, त्यात पहिली बेटी. आमच्या मालवणकडे पायाळू म्हटलं की कंबरेत उसण भरलेली माणसं लाथ मारून घ्यायला येतात, पण पायाळू बाळाचे खुबे दीड-एक महिन्याचं असताना सोनोग्राफी करून बघायचे असतात हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. सव्वा वर्षाची झाल्यावर लंगडत चालायला लागली तेव्हा एक्स-रे काढला, डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून बाहेर. मग भूल देऊन सांधा बसवला आणि छातीपासून पायापर्यंत तीन महिने प्लास्टर.

प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी सासूबाई पडवीत हात धरून म्हणाल्या, "चल गो बाय, उबी रव." पोर किंचाळलीच. पाय काडीसारखे बारीक, सांधे कडक, ती उभी कशी राहणार? घाई करू नका. जमिनीवर मोकळं सोडा, लोळू दे, रांगू दे, काही आठवडे जातात. वॉकर तर आणूच नका. आणि मालिशवाल्या बाईला आधीच सांगून ठेवा, तेल हलक्या हाताने लाव पण पाय ओढायचे नाहीत, गुडघे जुळवून दाबायचे नाहीत. पुढचं बाळ झालं तर त्याचेही पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका, कडेवर पाय फाकवून घेतलेलं खुब्याला चांगलंच.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे "चालते ना आता, मग झालं". पाच वर्षांची असताना घरासमोरच्या चिऱ्याच्या पायऱ्या ती चढायची तेव्हा दर पायरीला उजवा पाय आधी, मग डावा त्याच्याशेजारी आणून ठेवायची, आम्हाला वाटलं सवय असेल. संध्याकाळी दमली की एका बाजूला झुलायची. फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला आरशासमोर फक्त डाव्या पायावर उभं केलं आणि उजवीकडची कंबर खाली गेली ती आम्ही डोळ्यांनी बघितली. सांधा जागेवर होता पण कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू कमजोर राहिला होता. मग कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पडवीच्या खांबाला धरून एका पायावर उभं राहणं, खेकड्यासारखं आडवं चालणं, हे रोज करून घेतलं, काही महिन्यांनी पायऱ्या पाय बदलून चढायला लागली. तुम्ही पण पोर सपाट अंगणात कसं चालतं एवढंच बघू नका, जिना, धावणं, उकिडवं बसणं आणि दमल्यावरची चाल बघा, शक्य तर मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

गुडघा दुखतो म्हणाली तर नुसतं बाम चोळत बसू नका, खुब्याचं दुखणं बऱ्याचदा गुडघ्यात जाणवतं. अचानक लंगडायला लागली, पाय टेकवेनाशी झाली किंवा सोबत ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काही दुखत नाही म्हणून एक्स-रेची तारीख चुकवणं, हे तर गावात घरोघरी होतं कारण प्रवास लांबचा आणि रोजंदारी बुडते. पण वाटी वाढ पूर्ण होईपर्यंत घडत असते, उथळ राहिली तरी लहानपणी बहुतेकदा दुखत नाही आणि वेळेत कळलं तर उपाय करता येतो. जुन्या फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येकीचा तारखेसकट फोटो काढून ठेवा.

आणि खेळ बंद करू नका हो! काय चालेल ते डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, लंगडी चालेल का, सायकल चालेल का. आमच्या डॉक्टरांनी पोहायला लगेच हो म्हटलं, आता ती पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत पाय मारते.